अकरावा आठवडा, सतरा साल

डेल्मरने दांडकं उचललं, व्हर्नाच्या ट्रेलर-घराच्या चारही टायरांवर एकेक रट्टा दिला, मान कलती करून आवाज ऐकला आणि निकाल देऊन टाकला, "अजून पाच वर्षं बघायला नको."

कॉफीचे मग हातात घेऊन उभी असलेली पुरुष मंडळी समाधानाने माना हलवायला लागली. तिचा नवरा ऑरिन तर असा खूश झाला, की जणू टायर त्यानेच पोटाशी धरून वाढवले असावेत. खरं तर वाढवलेच होते. ट्रेलर उभा असताना उन्हाने रबर तडकू नये म्हणून त्याने पांढरी आवरणं आणली होती, दर शनिवारी तो ती काढून टायर पुसायचा, आणि नक्षीत नाणं खुपसून ती किती खोल आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. नक्षी खोल होतीच. व्हर्नाने कधी नाही म्हटलं होतं?

तिचं म्हणणं एवढंच होतं, की टायरसोबत आलेल्या चोपडीत लिहिलंय, नक्षी कशीही असो, बनल्यापासून पाच-सहा वर्षांनी ट्रेलरचा टायर बदलायचा. आणि आपले टायर कधी बनले ते आपल्याला ठाऊक नाही.

"दोन वर्षांपूर्वी घेतले की," ऑरिन म्हणाला.

"घेतले दोन वर्षांपूर्वी. बनले कधी?"

डेल्मर हसला. "पोरी," तो म्हणाला, "टायर आमच्यावर सोड. तू पॅनकेक उलट."

पोरी! अडुसष्ट वर्षांची बाई होती ती. नॉर्थ डकोटातल्या शाळेचं स्वयंपाकघर तिने तीस वर्षं चालवलं होतं आणि तीनशे मुलांच्या पोटात जाणारा एकही हवाबंद डबा तारीख न बघता उघडला नव्हता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण शनिवारचा सामुदायिक नाश्ता होता, तव्यावर पॅनकेक होता, आणि तो जळला असता. तिने तो उलटला आणि नंतर दिवसभर तो उलटल्याबद्दल स्वतःचाच राग राग केला.

डेल्मर म्हणजे ओकोटिलो ट्रेलर पार्कचा टायरांमधला शेवटचा शब्द. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळ्यापुरती साठेक बिऱ्हाडं उतरायची, एप्रिलमध्ये ऊन चटकायला लागलं की एकेक करून उत्तरेला निघायची, आणि निघणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या टायरांना डेल्मरचं दांडकं लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. दोन वर्षांपूर्वी त्यानेच एका ओळखीच्या दुकानातून स्वस्तात टायर मिळवून दिले होते, दोन बिऱ्हाडांना: एक व्हर्ना-ऑरिन लिंडालांचं, एक त्याचं स्वतःचं.

आता दांडक्याने एवढंच कळतं, की हवा आहे की नाही. ट्रकवाल्याला तेवढं पुरतं. ट्रक दिवसरात्र पळतो, त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजून गोटा होतो. पण ट्रेलर सात-सात महिने एका जागी उभा. त्याचा टायर झिजायच्या आधीच म्हातारा होतो, आतल्या आत थर सुटत जातात आणि वरून नक्षी नव्या नवरीसारखी. ही साधी गोष्ट डेल्मरला चाळीस वर्षांच्या अनुभवामुळेच समजत नव्हती. आणि बाकीच्यांना डेल्मरमुळे.

बरं, लिंडालांचा ट्रेलर म्हणजे काही सुट्टीतली चैन नव्हती. गावाकडचं घर त्यांनी चार वर्षांपूर्वी विकलं होतं. पलंग, तवे, मुलीच्या लग्नाचे फोटो, ऑरिनची रक्तदाबाची औषधं, सगळं त्या चार टायरांवर होतं. महामार्गावर एक टायर फुटला, की त्याचा सुटलेला रबरी पट्टा चाबकासारखा फिरतो आणि वरची घराची जमीन, गॅसच्या नळ्या, तारा, सगळं फाडून काढतो. टायर नाही, घर फुटतं. हे बायकोने सांगितलं तर ती घाबरट, आणि दांडकं मारणारा जाणकार!

सोमवारी व्हर्ना आवरणं काढून टायरांसमोर गुडघ्यांवर बसली. बाहेरच्या बाजूला अक्षरं होती, तारीख नव्हती. चोपडी म्हणत होती, तारीख एकाच बाजूला असते. मग ती सतरंजी घालून सरळ ट्रेलरखाली सरकली. खडे टोचत होते, केसांत जाळी अडकली, आणि तिने फोन चाकाच्या मागे धरून आतल्या बाजूचा फोटो काढला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा. चारही फोटोंत लांबट चौकटीत तेच चार आकडे होते. एक, एक, एक, सात. सतरा सालचा अकरावा आठवडा.

सात वर्षं! म्हणजे 'नवे कोरे' म्हणून गळ्यात मारले तेव्हाच पाच वर्षांचे होते. आणि बसवणाऱ्याने चारही तारखा बरोब्बर आत फिरवल्या होत्या. शाळेत कुणी असा डबा पाठवला असता, तर तिने तो पुरवठादाराच्या गाडीत परत फेकला असता.

ऑरिनने फोटो पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि म्हणाला, "पण डेल्मर म्हणाला..."

"डेल्मरचं दांडकं वाचतं का?"

"अगं, सगळ्यांसमोर त्याने पास केलेत. आता बदलले तर काय म्हणेल तो?"

व्हर्नाने यावर वाद घातला नाही. ट्रेलर पिकअपला जोडायच्या हुकाला कुलूप होतं. त्याची किल्ली तिने खुंटीवरून काढून पँटच्या खिशात घातली आणि सांगितलं, की तुला डेल्मरच्या मर्जीने जायचं असेल तर पिकअप घेऊन खुशाल जा, घर इथेच राहील आणि मी घरात राहीन. मग तिने लुपेला फोन केला.

लुपे ही त्या भागातली फिरती टायरवाली, पन्नाशीची, ट्रकमध्येच सगळं दुकान घेऊन हिंडणारी. मंगळवारी दुपारी ती आली तेव्हा ऑरिन पडदे ओढून आत बसला. का, तर कुणी पाहायला नको. आपल्या घराखाली आपल्याच पैशाचे टायर बसतात, आणि हा आत चोरासारखा. तिसरा टायर उतरवल्यावर लुपे थबकली आणि तिने व्हर्नाचा हात धरून आतल्या कडेवर ठेवला. तिथे रबराखाली अंड्याएवढा फुगा आला होता.

"हा नेवाडापर्यंतसुद्धा गेला नसता," लुपे म्हणाली.

व्हर्नाने दार ठोठावून ऑरिनला बाहेर काढलं आणि त्याचाही हात तिथे ठेवला. त्याने फुगा चाचपला. पुन्हा चाचपला. मग पायरीवर बसला. तिला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, की तुझं बरोबर होतं. नसेल म्हणायचं तर नुसता हात धरेल. तेवढ्यावरही ती विरघळली असती.

"डेल्मरला सांगू नकोस," ऑरिन म्हणाला.

"सांगू नको? त्याच्या गाडीला हेच चार आहेत, ऑरिन. त्याच दुकानातले, त्याच दिवशीचे. त्याच्या शेजारी त्याची बायको बसणार आहे, ओपल."

ऑरिन पुटपुटला, की त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, इतक्या वर्षांची मैत्री आहे. मैत्री! माणूस रस्त्यात मेला तरी चालेल, पण त्याला चुकलास म्हणायचं नाही, याला हे लोक मैत्री म्हणतात.

ती तशीच काळ्या हातांनी डेल्मरकडे गेली. तो बुधवारी सकाळी निघणार होता, आवराआवर चालू होती. तिने आकडा सांगितला, फोटो दाखवले, फुग्याचंही सांगितलं. डेल्मर मोठ्याने हसला. म्हणाला, लुपेला टायर विकायचे असतात, तिला सगळीकडे फुगेच दिसणार. ओपल आत कप कागदात गुंडाळत होती. अबोल बाई, नवऱ्याच्या वाक्याच्या मध्ये कधी न बोलणारी. व्हर्नाने तिला बाजूला घेऊन समजावलं: आतल्या बाजूला, लांबट चौकटीत, चार आकडे. वाकून बघ. ओपलने कप हातात तसाच धरून ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "डेल्मरला ठाऊक असतं गं सगळं."

बुधवारी सकाळी रिवाजाप्रमाणे सगळे कॉफीचे मग घेऊन निरोपाला जमले. डेल्मरने स्वतःच्या टायरांना स्वतःच रट्टे दिले. मग दांडकं खांद्यावर टाकून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय ऑरिन, तुझी बायको म्हणते टायरला फुगा होता. तू पाहिलास?"

सगळे हसत ऑरिनकडे बघायला लागले. ओपलही बघत होती. ती गाडीच्या दारापाशी एक पाय आत घालून उभी होती, आणि ती मात्र हसत नव्हती. व्हर्ना नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एक शब्द पुरे होता. डेल्मरने बायकोचं ऐकलं नसतं, व्हर्नाचं ऐकलं नव्हतं, पण ऑरिनचं ऐकलं असतं.

"मी आत होतो," ऑरिन म्हणाला. "लुपेनेच काढले सगळे."

ओपलने दुसरा पाय आत घेतला आणि दार लावलं. लोकांनी हात हलवले, डेल्मरने दोनदा भोंगा वाजवला आणि ट्रेलर फाटकाबाहेर गेला. व्हर्ना घरी आली. ऑरिनने विचारलं, जेवायला काय करतेस, तेव्हा तिने हवाबंद डबा काढून त्याच्यापुढे आदळला, उघडायचं यंत्रसुद्धा दिलं नाही.

फोन चार वाजता आला. ओपलचा होता. मागून मोठमोठ्या ट्रकांचा आवाज येत होता.

तिने शांतपणे सांगितलं. नेवाडात शिरल्यावर उजवीकडचा मागचा टायर फुटला. पट्ट्याने घराची जमीन फाडली, सिंकखालचं कपाट रस्त्यावर सांडलं, कप गेले, गॅसची नळी लोंबते आहे. मागच्या गाडीत एक बाई होती, दोन मुलं होती, तिने कशीबशी गाडी रस्त्याखाली उतरवली म्हणून वाचले. लागलं कुणाला नाही. डेल्मर म्हणतो, रस्त्यात दगड होता.

"दगड!" व्हर्ना म्हणाली.

"मी खाली वाकून बघितलं," ओपल म्हणाली. "उरलेल्या तिन्हींवर. एक, एक, एक, सात. स्टेपनी लावून पुढे जाऊ म्हणत होता. मी खुर्ची काढून रस्त्याच्या कडेला बसलेय. चार नवे टायर आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, असं सांगितलंय त्याला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तो तिकडे फेऱ्या मारतोय."

व्हर्ना म्हणाली, बस तशीच, अजिबात उठू नकोस.

"उठत नाही. पण मला एक विचारायचं होतं." ओपल म्हणाली. "तू सांगितलंस तेव्हा मला अर्धंमुर्धं पटलं होतं. सकाळी ऑरिन नाही म्हणाला म्हणून मी गाडीत बसले. त्याने खरंच पाहिला नव्हता का तो फुगा?"

ऑरिन समोरच बसला होता. फोनमधला आवाज त्या एवढ्याशा घरात त्याला चांगला ऐकू येत होता. त्याने मान खाली घातली आणि बोटांनी व्हर्नाला खूण केली, नको, नको.

व्हर्नाने फोन त्याच्यासमोर धरला.

"तुला विचारतेय ती," ती म्हणाली. "बोल."