पंधरा टक्क्यांचं मशीन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कॅशियरच्या साडूने दुकानातल्या तीन नंबरच्या काउंटरवर वॉशिंग मशीन घेतलं. पैसे क्रिप्टोत दिले. पंधरा टक्के सवलत मिळाली.

कॅशियर एक नंबरच्या काउंटरवर होता. मध्ये फक्त मिक्सरचा स्टँड होता, त्यामुळे त्याला सगळं दिसलं.

"काय साडूभाऊ!" पावतीने वारा घेत साडू त्याच्यापाशी आला. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तो सुपरवायझर होता आणि ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही गळ्यात असायचं. "तुम्ही इथे बसता आणि तुमच्या घरी अजून बादलीच?"

"शनिवारी घेतोय."

"कितीला पडेल?"

"स्टाफला आठ टक्के सूट आहे."

"आठ?" साडूने आजूबाजूला बघितलं, जणू कुणी साक्षीदार हवा होता. "मी रस्त्यावरून आलेला माणूस, मला पंधरा. तुम्ही एकोणीस वर्षं गल्ल्यावर, तुम्हाला आठ! असं करा, मला चिकटवा इथे नोकरीला आणि तुम्ही गिऱ्हाईक व्हा."

मशीनही नेमकं तेच होतं. सात किलोचं, राखाडी, समोरून उघडणारं. दहा महिन्यांपूर्वी ते शोरूममध्ये आलं, त्या दिवशीच कॅशियरने ते मनात ठरवलं होतं. रोज संध्याकाळी गल्ला बंद करून निघताना तो त्याचं दार एकदा उघडायचा आणि लावायचा. दार लागताना एक जाड, समाधानी आवाज यायचा. घरचं जुनं मशीन दीड वर्षापूर्वी कायमचं बंद पडलं होतं. तेव्हापासून बायको हाताने कपडे धूत होती आणि तिचं उजवं मनगट संध्याकाळी सुजत होतं. दीड वर्षाची बचत या शनिवारी पुरी होणार होती.

दुकानात त्याला सगळे 'दोनदा' म्हणत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पैसे दोनदा मोजल्याशिवाय तो पावती फाडत नसे. एकोणीस वर्षांत त्याच्या गल्ल्यात एकदाही फरक आला नव्हता. मालकाने तीन आठवड्यांपूर्वी क्रिप्टोची सवलत सुरू केली, तेव्हा तिसरं काउंटर नव्या मुलीला दिलं. ती पैसे टॅबवर घ्यायची, म्हणून तिला सगळे 'टॅबवाली' म्हणू लागले. मालकाला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की सवलतीमुळे लोक खरोखर क्रिप्टोकडे वळतात की नुसते सवलतीकडे. म्हणून टॅबवाली प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारी. क्रिप्टो तुमच्याकडे आधीपासून होतं का? की या सवलतीसाठी घेतलंत? आणि सवलत नसती, तरी असेच पैसे दिले असते का? उत्तरांचा तक्ता करायचं काम कॅशियरकडे होतं, कारण मालकाचा त्याच्या अक्षरावर विश्वास होता.

त्या दिवशीचा साडूचा कागद त्याच्यासमोर आला. आधीपासून होतं: हो. सवलतीसाठी घेतलं: नाही. सवलत नसती तरी दिले असते: हो, नक्की.

'नक्की' हा शब्द साडूने स्वतःच्या हाताने पुढे लिहिला होता.

घरपोच मालाच्या चिठ्ठ्या कॅशियरचा शिक्का घेऊनच गोदामात जात. साडूच्या चिठ्ठीवर त्याने शिक्का मारला आणि ती गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. असं त्याने याआधी कधीच केलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. त्यांचं मशीन अजून आलं नाही म्हणे."

"गर्दी आहे."

"आज येणार होतं ना?"

"गर्दी आहे म्हटलं ना."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बादली उचलून ती गॅलरीत गेली.

गुरुवारी मशीन धाकटीकडे पोचलं. बायको ते बघून आली. कॅशियरने चप्पल काढायच्या आत विचारलं, "आवाज किती करतं?"

"करतच नाही. धुऊन झालं की एक सूर वाजवतं."

"सूर?"

"हो. छान वाटतं. धाकटीने दोनदा ऐकवला."

"दोनदा कशाला?"

"मला आवडला म्हणून! तुमचं काय बिघडलं त्यात?"

त्याचं काय बिघडलं होतं ते सात टक्क्यांत सांगता आलं असतं. आठ आणि पंधरा यांच्यातले सात. जेवताना, बसच्या रांगेत, दाढी करताना ते सात टक्के त्याच्यापुढे येऊन उभे राहत. कुणीतरी ते त्याच्या खिशातून काढून साडूच्या खिशात घातले होते, आणि तेही त्याच्याच दुकानात, त्याच्या डोळ्यांदेखत. धाकट्या मेहुणीच्या लग्नात साडूला घड्याळ मिळालं होतं आणि त्याला शर्टाचं कापड. बारा वर्षांपूर्वीची ती गोष्टसुद्धा त्याला या आठवड्यात पुन्हा आठवली.

पण तोवर त्याने हालचाल केली होती. मंगळवारी संध्याकाळीच त्याने फोनवर क्रिप्टोचं ॲप घेतलं होतं. ओळखीची कागदपत्रं तपासून व्हायला गुरुवार उजाडला. गुरुवारी संध्याकाळी, गॅलरीत उभं राहून, त्याने बँकेतली दीड वर्षाची बचत क्रिप्टोत बदलली. बायकोला सांगितलं नाही. सांगायचं ते मशीन दारात आल्यावर, असं त्याने ठरवलं होतं. वाक्यही ठरलं होतं: पंधरा टक्के, साडूला मिळाले तेवढेच.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, तो तीन नंबरच्या काउंटरसमोर उभा राहिला. काउंटरच्या त्या बाजूला तो पहिल्यांदाच उभा होता.

"काका, तुम्ही?" टॅबवाली हसली.

"का, मी गिऱ्हाईक नाही?"

"तसं नाही हो. बसा. हा चौकोन स्कॅन करा, रक्कम आपोआप येते. मग फक्त 'पाठवा' दाबायचं. पंधरा मिनिटं हा भाव टिकतो."

कॅशियरने स्कॅन केलं. मग खिशातून कागद काढला आणि टॅबवरची रक्कम त्यावर लिहून घेतली. दशांशानंतर आठ आकडे होते. फोनवरची रक्कम त्याने कागदाशी ताडून पाहिली. मग कागद टॅबशी ताडला.

"काका, बरोबरच असतं ते."

"असतं आणि आहे यात फरक असतो."

खाली एक लांबलचक पत्ता होता, अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी. तो अंगठ्याने एकेक अक्षर झाकत पुढे सरकू लागला. मध्येच एक गिऱ्हाईक येऊन टॅबवालीला काही विचारू लागलं, आणि कॅशियरची जागा चुकली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काका, चार मिनिटं राहिली."

"झालं. एकदा झालं. आता दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. टॅबवाली नवी होती.

तेराव्या मिनिटाला त्याने 'पाठवा' दाबलं. फोनवर एक गोल फिरू लागला. टॅबवरचं घड्याळ शून्यावर आलं, तेव्हाही गोल फिरतच होता. सतराव्या मिनिटाला फोनने सांगितलं, रक्कम पोचली. टॅबने सांगितलं, वेळ संपली. तेवढ्यात भाव थोडा उतरला होता, आणि पोचलेली रक्कम नव्या भावाने कमी पडत होती. टॅबवर, आणि पाठोपाठ त्याच्या फोनवरही, पिवळ्या पट्टीत एक ओळ आली: रक्कम तपासणीसाठी राखून ठेवली आहे.

"म्हणजे?" कॅशियरने विचारलं.

टॅबवालीने फोन लावला. पैसे घेणारी कंपनी दुकानाची नव्हती, दुसरीच होती. बराच वेळ संगीत ऐकून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला. "दहा दिवस म्हणतायत. कामाचे दहा दिवस. मग एकतर परत मिळेल, नाहीतर जमा धरतील. कमी पडले ते भरायला सांगतील कदाचित."

"आणि मशीन?"

ती मालकाच्या केबिनकडे बघू लागली.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने मशीन गोदामात राखून ठेवायला सांगितलं. "पण सवलत उद्यापर्यंतच आहे, तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी पुढे ढकलली तर बाकीचे मला सोडतील का? आणि पैसे आल्याशिवाय पावती तुम्हीच कधी फाडली नाहीत."

"नाही," कॅशियर म्हणाला. "बरोबर आहे."

शनिवारी मशीन आलं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास बायकोने मोठी चादर धुतली आणि पिळायला त्याला हाक मारली. दोघं गॅलरीत चादरीची दोन टोकं धरून उभी राहिली. तो एका बाजूला पीळ देऊ लागला, ती दुसऱ्या बाजूला. तिचं मनगट वळेना, म्हणून तिने टोक नुसतं घट्ट धरलं आणि पीळ सगळा त्यानेच दिला. पाणी गळायचं थांबलं, तेव्हा त्याने तिला सांगितलं. ॲप, पंधरा मिनिटं, पिवळी पट्टी, सगळं.

ती चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

"भाऊजींना पंधरा मिळाले म्हणून?"

त्याने आपलं टोक पुन्हा एकदा पिळलं.

"अहो, त्यांचं काय झालंय ते तरी मला विचारायचं होतंत. धाकटीने शपथ घातली होती, म्हणून मी गप्प होते. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी केवढी तरी रक्कम घातली होती त्यात. तीन मशीनं आली असती एवढी. धाकटीच्या बांगड्याही त्यात गेल्या. उतरत उतरत जे उरलं, त्याचं हे एक मशीन आलंय. पंधरा टक्के सुटले, तेवढंच मनाला बरं वाटलं, म्हणाली. ते मशीन सुरू झालं की भाऊजी बाहेर जाऊन उभे राहतात."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही विचारलंत, आवाज किती करतं!"

कॅशियरने चादर तिच्या हातातून घेतली आणि दोरीवर टाकली. साडूची कीव करायला हवी, हे त्याला कळत होतं. तरी त्याच्या मनात पहिला विचार आला तो निराळाच होता: त्याचं बुडालं, पण जे उरलं ते निदान कपडे तरी धुतंय.

या विचाराची त्याला लाज वाटली. पण तो विचार गेला नाही.

सोमवारी मालकाने तक्ता मागितला. सवलत संपली होती. ती पुन्हा ठेवायची की काउंटर बंद करायचं, हे मालक शुक्रवारी ठरवणार होता. कॅशियरने तक्ता समोर ठेवला. तीन आठवड्यांत एकूण त्रेचाळीस जणांनी क्रिप्टोत पैसे दिले. त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी ते खास सवलतीसाठीच घेतलं होतं, बहुतेकांनी त्याच दिवशी. चौघांकडे आधीपासून होतं. सवलत नसती तरी असेच दिले असते, असं म्हणणारा त्रेचाळीस जणांत एक.

"हा एकच," मालकाने बोट ठेवलं. "'हो, नक्की' लिहिणारा. हाच काय तो खरा क्रिप्टोवाला. बाकी सगळे सवलतवाले. कोण आहे हा? पुढच्या वेळी याचा फोटो लावू बाहेर. बोलावून विचारू या, याला काय फायदा दिसतो त्यात."

कॅशियरने बोटाखालची ओळ पाहिली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य शनिवारपासून त्याच्यापाशी तयार होतं, आणि ते बोलण्यात किती सुख असेल याचाही त्याला अंदाज होता.

"साडू आहे माझा," तो म्हणाला.

"असं? हुशार दिसतोय."

"हो. फोटो नको, साहेब. त्याला असलं आवडत नाही."

मालकाने मान हलवली आणि आणखी खाली पाहिलं. त्रेचाळिसाव्या ओळीनंतर आणखी एक ओळ त्याच सुबक अक्षरात लिहिलेली होती, पण बेरजेत धरलेली नव्हती. आधीपासून होतं: नाही. सवलतीसाठी घेतलं: हो. तिसरा रकाना कोरा होता.

"हे अर्धवट का?"

"ते गिऱ्हाईक अजून पुरं झालेलं नाही," कॅशियर म्हणाला.

मंगळवारी दुपारी चार वाजेपर्यंत कामाचे दोन दिवस झाले होते. राखाडी मशीन गोदामात, तिसऱ्या रांगेत, खोक्यातच होतं. त्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर कॅशियरचा शिक्का होता. त्याने दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत ॲप उघडलं. पिवळी पट्टी तशीच होती. तपासणी सुरू आहे. त्याने ती ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, फोन उलटा ठेवला आणि समोरच्या बाईंनी दिलेल्या नोटा मोजायला घेतल्या.