कांद्याच्या तागडीतली इंदू

चाकणच्या कांदाबाजारात ज्योतीराम तोलणारा होता, म्हणून त्याच्या पोरीचं वजनही कांद्याच्याच तागडीत व्हायचं. पारड्यात पाटी, पाटीत जुनेर, जुनेरात पाच महिन्यांची इंदू.

"भाव काय लावू, राव?" हमाल भैरूनं विचारलं. कोणी हसलं नाही. समोरच्या पारड्यात मागच्या बाजाराइतकीच वजनं होती.

इंदूच्या आईनं, शालननं, ती वजनं पुन्हा मोजली. तापात तिचं अंगावरचं दूध आटलं, तेव्हा इंदूला म्हशीचं पाजलं होतं. अंगावर गांधी उठल्या, शीतून रक्त गेलं. गाईचं पाजून पाहिलं, तेच. मग चिंचवडच्या डॉक्टरांनी पुण्याहून सोयाबीन नावाच्या परदेशी डाळीचं पीठ मागवून दिलं. ते शिजवून, गाळून, साखर-तेल घालून पाजायचं. दुधाचा थेंब नको. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही.

"डाळीच्या पाण्यावर लेकरू वाढतं व्हय?" घरी येताच सासू मंजुळाबाई म्हणाल्या. "वर तागडीत घालून नजर लावता. आजपासनं शेळीचं दूध. शेळीवाला दत्तोबा लोटी ठिवून गेलाय."

शालननं नवऱ्याकडे पाहिलं. "पोर सुकत चाललीय," तो खाली बघत म्हणाला. "आये म्हणती तर..."

रोज या वेळी शालन चुलीपाशी पीठ ढवळत असे. नजर हलली की बुडाला लागायचं. आज चूल बंद होती. ती नुसती बसून राहिली. मंजुळाबाईंनी घुटीसाठी सहाण पुढ्यात ओढली, वाटीतलं पांढरं सहाणेवर ओतलं आणि वेखंड घासायला घेतलं.

"आत्याबाई, हे कशात उगाळता?"

"कशात म्हंजे? दुधात. घुटी काय पाण्यात उगाळत्यात?"

"रोज?"

"जन्मल्यापासनं. तुझं व्हतं तवर तुझ्या दुधात, आता म्हशीच्या. तुझा नवरा ह्याच घुटीवर वाढला."

"डॉक्टर थेंब नको म्हणाले व्हते."

"ते पाजायचं दूध. हे औषध हाय."

शालननं सहाण उचलली आणि मोरीत नेऊन खसाखसा धुतली.

"आता सून मला घुटी शिकवणार," मंजुळाबाई म्हणाल्या.

"लंगोट तुमीच धुता, आत्याबाई. रक्त कवा दिसतं? घुटीच्या आधी का मागनं?"

मंजुळाबाईंनी वेखंड खाली ठेवलं. शालननं उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"घुटी तुमीच द्या, पण ह्या पाण्यात. दोन बाजार बघू. न्हाई वाढली, तर शेळीचं मी माझ्या हातानं पाजीन."

मंजुळाबाईंनी तांब्या जवळ ओढला. मग त्या लेकाला म्हणाल्या, "लोटी दत्तोबाला परत दिऊन ये. आन् येताना चुलीला फाटी आण."

दुसऱ्या बाजारी पाटी घेऊन त्या स्वतःच तागडीपाशी आल्या. इंदूचं पारडं खाली गेलं. ज्योतीरामनं समोर पावशेर टाकला. पारडं जागचं हललं नाही. आणखी एक टाकला, तेव्हा काटा सरळ उभा राहिला.

"किती भरली?" भैरूनं विचारलं.

मंजुळाबाईंनी नातीला उचलून पदराखाली घेतलं.

"मोठ्यानं सांगशील तर बघ," त्या लेकाला म्हणाल्या.