झऱ्याच्या डोळ्याला लोखंड

ऐन पावसाळ्याचा जानेवारी उलटत आला तरी पाऊस नव्हता. माथ्यावरचं बर्फ केव्हाच सरलं होतं. बासिलियाच्या कळपातल्या लोकरीच्या अल्पाका व्याल्या होत्या. अकरा पिल्लं, आणि आयांच्या सडांत दूध नाही. दूध यायचं ओल्या कुरणामुळे, कुरण जगायचं झऱ्यावर, आणि झऱ्याची धार उरली होती करंगळीएवढी.

पाणी वर येतं त्या जागेला सगळे डोळा म्हणत. डोळा साफ करायचा तो डोंगराला कोकाची तीन पवित्र पानं वाहून, नुसत्या हातानं. लोखंड लावायचं नाही. बासिलियानं नऊ दिवस पहाटे उपाशीपोटी पानं वाहिली, बोटांनी गाळ उपसला. धार तेवढीच.

खालच्या उतारावर राहणारा तिचा दीर फोर्तुनातो वर आला. "काय वहिनी, पावला का डोंगर?"

"पावेल."

"तोवर आपली जनावरं कातड्याच्या भावानं जातील."

"जीभ आवरा, भाऊजी. तुमचंही पाणी इथूनच येतं."

"म्हणून तर रोज तुमच्या पाया पडायला येतो!" तो हसला. जाताना मात्र डोळ्यासमोर त्यानं टोपी काढली.

दहाव्या दिवशी एक पिल्लू उठलंच नाही. बासिलियानं दारामागची पहार आणली. "धरणीमाते, माफ कर," म्हणाली आणि डोळ्यात घातली.

तिसऱ्या घावाला मनगटाएवढं पाणी उसळलं, गढूळ, गारठलेलं. तिनं ते ओंजळीनं तोंडावर घेतलं आणि रडली. अल्पाका धावत आल्या.

दुपारी डोळ्यातून घोट गिळल्यासारखा आवाज आला. तळाचा चिकणमातीचा थर फुटला होता; पाणी खालच्या वाळूत उतरत होतं. तिनं माती कोंबली, गवताची ढेकळं कोंबली, शेवटी अंगावरची शाल. शालही आत गेली.

फोर्तुनातो धापा टाकत आला. "वहिनी, खाली पाट कोरडा का..." त्याला पहार दिसली.

"शिव्या द्या," ती म्हणाली.

"शिव्यांनी भोक बुजलं असतं तर दिल्या असत्या." तो मटकन बसला. "उद्या जनावरं घेऊन खालच्या मोठ्या तळ्याकडे उतरू. तीन दिवसांची वाट आहे."

"आणि पिल्लं?"

"चालतील ती येतील."

बासिलिया कळपात शिरली. एकेका पिल्लाला उभं करून हात सोडून बघू लागली. चार उभी राहिली. पाचवं कोसळलं आणि तिची बोटं चोखू लागलं. तिनं हात काढून घेतला नाही.