पिठल्यात चिंच कुणी घातली?

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही. आजवर ज्यांनी ऐकली त्यांनी कानाला हात लावले. तरी सांगते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि लाइट गेलेली असताना, केवळ स्वतःच्या गरगरण्याच्या जोरावर, मी एका आईचं अख्खं स्वयंपाकघर वाचवलं आहे!

आज मी काचीगुड्याला त्रिवेणीबाईंच्या माळ्यावर एका खोक्यात असते. शेजारी जुना कीबोर्ड आहे. त्याचं एक बटण खाली बसलंय. बिचारा कधी बोलत नाही. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

माझा जन्म सिंगापूरचा. परदेशी मालाला देशाची दारं नुकतीच उघडली होती, त्या दारातून मीही आत शिरले. एकनाथरावांनी मला कंप्युटरसकट रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं. गौलीगुड्यात त्यांचा खिळे जुळवायचा छापखाना होता. तो मोडून त्यांनी काचीगुड्याला कंप्युटर टायपिंगचं दुकान थाटलं. मी चाळीस एमबीची. हसू नका! आज तुमच्या मोबाइलमधले आठ-दहा फोटोसुद्धा माझ्यात मावायचे नाहीत, पण तेव्हा लोक मला बघायला यायचे. एकनाथराव त्यांना दाराशी चपला काढायला लावायचे. माझ्या पेटीला कुंकू लावून नारळ फोडला होता. नारळाचं पाणी पेटीत जाऊ नये म्हणून वर टॉवेल धरला होता, तोही नवा कोरा.

टायपिंग त्रिवेणी करायची, तेव्हा ती दुकानात नोकरीला होती. एक पान संपवून ती 'सेव्ह'चं बटण दाबायची. मग मी अक्षर न् अक्षर तबकडीवर उतरवायचे आणि त्यानंतरच पडद्यावर 'झालं' असं यायचं. काम पक्कं, पण वेळ लागायचा. माझा लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि एकनाथराव येरझाऱ्या घालायचे.

"अगं त्रिवेणी, ही मशीन आहे का बैलगाडी?"

शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्या प्रशांतला बोलावलं. त्यानं एक नवा प्रोग्रॅम घातला. आता मजकूर आधी कंप्युटरच्या आठवणीत ठेवायचा, पडद्यावर 'झालं' सांगून मोकळं व्हायचं, आणि सवड मिळेल तसं माझ्यावर उतरवायचं.

"देखो काका, घोडा कर दिया!" प्रशांत म्हणाला.

"पण झालं म्हणजे कुठं झालं?" त्रिवेणीनं विचारलं. "आठवणीत का डिस्कवर?"

"एकच की, अक्का."

"एक कसं? लाइट गेली तर आठवण पुसते ना?"

"लाइट परत येते की!"

"आणि आठवण?"

"नक्को गं डोकं खाऊ," एकनाथराव म्हणाले. "पळतंय तर पळू दे."

मी पळू लागले. दुकानाचं नाव झालं. सगळे माझं कौतुक करत, आणि मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही?

एके दिवशी सकाळी विमलाबाई आल्या. त्यांची दीपमाला नोकरीसाठी संध्याकाळच्या गाडीनं बंगळूरला निघाली होती. पोरीला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. तिची शाळा इंग्रजी. आईचं मोडी वळणाचं अक्षर तिला लागायचं नाही. छापलेलं मराठी मात्र अडखळत का होईना वाचायची. म्हणून विमलाबाई घरचे पदार्थ तोंडानं सांगायला आल्या होत्या.

"पिठल्याला तिखट किती लिहू, मावशी?"

"डोळ्याला दिसंल इतकं."

"मशीनला डोळे नाहीत हो."

"मग तुझ्या डोळ्याला दिसंल इतकं लिही, पोरी."

दुपारपर्यंत सगळं सांगून झालं. निघताना त्या घुटमळल्या. "हे जाणार नाही ना कुठं? मला पुन्हा असं ओळीनं सांगता यायचं नाही. आणि घरी दशम्या करायच्यात."

"मशीनमध्ये गेलं म्हणजे दगडावर कोरलं, बाई!" एकनाथराव म्हणाले.

त्रिवेणीनं सेव्ह केलं. पडद्यावर 'झालं' आलं. आणि लाइट गेली.

आता ऐका! बटण बंद केल्यावर पंखा लगेच थांबतो का? गिरक्या घेतोच. मीही घेत होते. पुसल्या जाणाऱ्या आठवणीला मी ओरडून म्हटलं, "आण इकडे सगळं!" आणि वरण, भाकरी, ठेचा, पिठलं, सगळं शेवटच्या गिरकीत तबकडीवर ओढून घेतलं.

लाइट आल्यावर त्रिवेणीनं मला उघडून पाहिलं. कौतुकानं तिनं कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही घरी जेवून या." ते गेल्यावर तिनं खुर्ची पुढं ओढली. तिच्या डब्यातल्या चिंचेच्या साराचा वास दुकानभर सुटला होता, पण डबा न उघडता ती कितीतरी वेळ कीबोर्ड बडवत बसली. धूळ झटकत असावी.

काका परतले तेव्हा प्रिंटर खर्रखर्र करत होता.

"वाचलं?"

"वाचलं, काका. मशीननं वाचवलं."

तेवढ्यात दीपमाला धावत आली. "जयभीम काका, झालं का?" कागद घेऊन ती तशीच स्टेशनकडे पळाली.

काही महिन्यांनी विमलाबाई पेढे घेऊन आल्या. "पोरगी स्वतः रांधून खाते! पण फोनवर विचारत होती, आई, तू पिठल्यात चिंच कधीपासून घालायला लागलीस? मी तर चिंच म्हटलंच नव्हतं."

त्रिवेणी लाल झाली. "मशीनची गडबड, मावशी."

"असू दे. तिला आता तसंच आवडतंय."

साराचा वास शेवटच्या गिरकीत माझ्यात शिरला, दुसरं काय!

त्यानंतर त्रिवेणीनं प्रशांतला बोलावून माझी रीत बदलून घेतली. टाइप होताना मजकूर आठवणीत ठेवायला हरकत नाही, पण सेव्ह केल्यावर तबकडीवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. मी जरा मंद झाले, पण पुन्हा कुणाचं काही हरवलं नाही. म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. लाल दिवा विझेपर्यंत थांबा. आणि मी त्या दिवशी ज्या शौर्यानं—

"खोटं!"

खोक्यातून आवाज आला. कीबोर्ड!

"साफ खोटं! लाइट आली तेव्हा तुझ्यावर एक अक्षर नव्हतं. सगळं त्रिवेणीनं आठवून आठवून माझ्यावर पुन्हा टाइप केलं, उपाशी पोटी. ती चिंच तिच्या घरची! पोरीची गाडी चुकू नये म्हणून इतकं बडवलं, की माझा 'च' बसला तो बसलाच. आणि तू अजून तशीच गं! लिहिलेलं काही नाही, आणि म्हणे झालं!"