कॅलेंडरचा खिळा

"कोपऱ्यावरची जागा आहे, दोन्ही रस्त्यांना तोंड आहे, समोर चार गाड्या आरामात उभ्या राहतील, वर पक्कं छप्पर..." शटरशी झटापट करता करता जागांचे दलाल पाटीवाले काका बोलत होते. गिऱ्हाईकाकडे त्यांची पाठ होती, आणि ती त्यांची जुनी पद्धत होती. हे शटर अर्ध्यावर अडकायचं आणि मग कर्कश किंचाळायचं. नेमक्या त्याच क्षणी काका आवाज चढवत. "...आणि उजेड तर असा, की दिवसा दिवा लावायला नको!"

शटर वर गेलं. हात झटकत, ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर आणून काका वळले. समोर त्यांची लेक उभी होती.

"थांबलात का बाबा?" ती म्हणाली. "आधीच्या मालकांची इतकी भरभराट झाली की त्यांना ही जागा पुरेना, हे राहिलं की."

"तू इथे काय करतेस? बाजूला हो, गिऱ्हाईक यायचंय."

"गिऱ्हाईक आलंय."

जागेचा सध्याचा मालक गाद्या विकायचा. त्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की एका बाईंना जागा पसंत आहे, तुम्ही फक्त आतून दाखवा. कोण बाई, हे काकांनी विचारलं नव्हतं. या जागेला गिऱ्हाईक मिळालं की फार चौकशी करू नये, एवढं ते अनुभवाने शिकले होते.

उपनगराच्या टोकाची ही इमारत मुळात पेट्रोल पंप. मोठा रस्ता पलीकडून गेला, गाड्या तिकडे वळल्या आणि पंप बंद पडला. यंत्रं उपटून नेली, जमिनीखालच्या टाक्या काढून खड्डे बुजवले, पण पुढचं उंच छप्पर तेवढं राहिलं, कारण ते पाडायचा खर्च कोणालाच नको होता. मग काकांनी ती जागा एका किराणावाल्याला विकून दिली. किराणावाल्याकडून ती कॅसेटवाल्याकडे गेली, कॅसेटवाल्याकडून व्यायामशाळेच्या पैलवानाकडे, पैलवानाकडून गादीवाल्याकडे. मधला माणूस दर वेळी एकच.

प्रत्येकाचे नव्याचे नऊ दिवस मजेत जात. मग लक्षात येई की गाड्या थांबतात खऱ्या, पण पेट्रोलसाठी. छप्पर दिसलं की माणसं सवयीने आत वळत आणि काच खाली करून "फुल करा" म्हणत. किराणावाल्याने 'येथे पेट्रोल मिळत नाही' अशी पाटी लावली. कॅसेटवाल्याने ती दुप्पट मोठी करून घेतली. पैलवानाने वैतागून दोरखंडच बांधला, तर त्यात त्याचेच सभासद अडकून पडायला लागले. गादीवाला दिवसभर दारात बसून मानेनेच नाही नाही म्हणायचा. शेवटी त्याची मान धरली आणि दुकानातल्या सगळ्यात महागड्या उशीनेही ती सुटेना.

काकांच्या घरची चूल मात्र या इमारतीने कधी विझू दिली नाही. लेकीचं शिक्षणही तिनेच केलं म्हणा. मोटरींच्या तारा गुंडाळायचं काम ती रीतसर शिकली आणि बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करत होती. आता साठवलेलं सगळं, वर बँकेचं कर्ज, असं घेऊन ती या शटरपाशी येऊन उभी राहिली होती. जागा बुडाली तर लेक बुडणार होती, आणि तीसुद्धा बापाच्याच तोंडपाटीलकीत.

"ही जागा तू घ्यायची नाहीस," काका म्हणाले.

"का? दोन्ही रस्त्यांना तोंड आहे."

"तेच तर! दोन्हीकडून धूळ येते. आणि तो उजेड म्हटला ना मी, तो दुपारचा थेट डोळ्यांत घुसतो. मागची भिंत ओल धरते. मोरीचं पाणी उलटं येतं. दार फुगतं. शटर..." काका दम घ्यायला थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या जागेविषयी खरं बोलत होते आणि त्यांना चक्क रंग चढला होता. "आणि आधीच्या मालकांची भरभराट? पैलवान माणूस, जाताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला! आठवडाभर खांदा दुखत होता माझा."

लेक खो खो हसली. "बाबा, असं बोललात तर मी आत्ताच्या आत्ता घेईन. विश्वास बसतो माणसाचा."

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!"

"वायरी कुठून आल्यात ते बघते," म्हणून ती शिडी लावून पोटमाळ्यावर चढली. काका "अगं, वर नको, पाली आहेत" म्हणेपर्यंत ती दिसेनाशीही झाली. जरा वेळ खुडबुड ऐकू आली. मग ती थांबली. मग वरून आधी एका लाकडी पाटीचा कोपरा खाली आला, आणि पाठोपाठ लेकीचा चेहरा. पाटीवर काकांच्या वळणदार अक्षरात 'विकणे आहे' असं लिहिलं होतं, आणि खाली त्यांचा फोन नंबर.

काका बाकीच्या जागांच्या पाट्या घरी नेऊन ठेवत. ही एकटी इथेच राहायची. विक्री झाली की ते ती शटरजवळच्या भिंतीवरून उतरवत आणि कोणाला दिसणार नाही अशी पोटमाळ्यावर सरकवत. लवकरच परत लागणार, मग उगाच ने-आण कशाला? ती जिथे टांगायची तो खिळा नवा मालक उपटायला निघाला, की काका प्रेमाने म्हणत, "राहू द्या हो, कॅलेंडर लावायला होईल." आणि चौघांनीही त्या खिळ्याला कॅलेंडरच लावलं होतं.

"ही इथेच असते?" लेकीने विचारलं.

"हं."

"म्हणजे विकताना तुम्हाला माहीत असायचं."

काकांना एरवी कुठल्याही प्रश्नावर तीन उत्तरं सुचत. आत्ता एकच सुचलं. "अंदाज असायचा," ते म्हणाले.

"आणि माझ्या वेळेला? परत वर ठेवणार होतात?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार मालक शिव्या देऊन गेले तेव्हा कधी झालं नव्हतं. त्यांनी पाटी तिच्या हातातून घेतली, काखेत मारली आणि शटर न लावताच ते चालायला लागले. वाटेत चहावाल्याने पाटी वाचून हाक मारली, "काय काका, आज स्वतःलाच काढलंत का विकायला?"

"गिऱ्हाईक आहे का कोणी?" काका म्हणाले. चहावाला हसला, पण काका थांबले नाहीत.

घरी बायकोने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कळलं तर तुम्हाला."

"तुला माहीत होतं? आणि तू तिला अडवलं नाहीस?"

"अहो, आयुष्यभर ती जागा लोकांच्या गळ्यात मारताना सोन्याची होती. लेकीने घेतली की मातीची झाली होय?"

"मातीचीच होती ती! पहिल्यापासून!" काका ओरडले आणि मग मटकन खाली बसले. "मला भीती वाटते गं. एक दिवस हीच पाटी तिच्या दुकानावरही मलाच टांगावी लागेल."

बायकोने पाटी उचलली आणि कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

काकांनी आठवडाभर अबोला धरून पाहिला, गादीवाल्याला किंमत वाढवायचीही गळ घातली. पण गादीवाला मानेला पट्टा बांधून पडत्या फळाची आज्ञा मानून बसला होता. व्यवहार झाला. काकांनी दलाली घेतली नाही, हे कळल्यावर बाजारातल्या बाकीच्या दलालांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

दुकान उघडायच्या दिवशी काका सकाळीच गेले. ती जुनी 'पेट्रोल मिळत नाही'ची पाटी लेकीने काढून टाकलेली पाहून त्यांचं धाबं दणाणलं. तेवढ्यात एक गाडी छपराखाली शिरलीच. काच खाली झाली. "फुल करा."

"पेट्रोल पुढच्या चौकात," लेक म्हणाली. "घरी पंखा, मिक्सर काही बंद पडलंय का?"

माणूस गोंधळला. "मिक्सर... तो आवाज करतो नुसता."

"येताना घेऊन या. गाडी अशीच सावलीत लावा, मी उचलून घेते."

गाडी गेली. काका अजून तोंड उघडं ठेवून उभे होते. "इतकी वर्षं लोक आपणहून आत येतायत बाबा," ती म्हणाली, "आणि सगळ्यांचा जन्म गेला त्यांना हाकलण्यात. पंखा काय कोणी बसमधून आणतं? गाडी लावायला जागा लागते, उचलून आत न्यायला छप्पर लागतं. तुम्ही तर रोज सांगायचात. मी लहानपणापासून ऐकतेय."

"ते मी... विकायला सांगायचो गं."

"खरं होतं पण."

दुपारी तो माणूस मिक्सर घेऊन आला. त्याच्या मागच्या गाडीत एक आजी होत्या, त्यांना पेट्रोलही नको होतं आणि दुरुस्तीही. गर्दी का जमली ते बघायला त्या थांबल्या होत्या. काकांनी त्यांना खुर्ची दिली. जागा चालेल की नाही, कोण सांगणार? नव्याचे नऊ दिवस अजून जायचे होते, आणि ते नऊ दिवस कसे असतात हे काकांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

गर्दी जरा ओसरल्यावर त्यांनी लेकीच्या हत्यारांतली पक्कड घेतली आणि ते भिंतीपाशी गेले. खिळा त्यांनीच ठोकलेला, तोही तरुणपणी, सगळी ताकद लावून. तो काही केल्या हलेना. काकांच्या कपाळावर घाम आला, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला.

लेकीने मोटरीतून डोकं वर काढलं. "राहू द्या ना बाबा," ती हळूच म्हणाली. "कॅलेंडर लावायला होईल."

काकांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"नको," ते म्हणाले. "कॅलेंडर टेबलावर ठेव."

आणि त्यांनी भिंतीला पाय लावून पुन्हा जोर केला. खिळा एकदम सुटला, काका दोन पावलं मागे धडपडले आणि आजींच्या खुर्चीला धरून सावरले. मग खिशातून आणलेली पुडी सोडून त्यांनी तळहातावर थोडा चुना कालवला आणि अंगठ्याने दाबून दाबून ते भोक बुजवलं. चुना वाळेपर्यंत, तिथे कोणाचा हात लागू नये म्हणून, ते भिंतीपाशीच उभे राहिले.