शांतपणे गेलेले

माझ्या वडिलांनी त्रेचाळीस माणसांचं मरण लिहिलं, आणि त्यांतला एकही माणूस घाबरून मेला नाही.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक चाल आहे. कुणी विश्वासू वारला की घरच्यांनी महिन्याभरात त्याची साक्ष मंडळीच्या मासिकाला पाठवायची: शेवटी जवळ कोण होतं, त्यानं काय मागितलं, काय म्हणाला. पुष्कळांना लिहिता येत नसे, म्हणून ते आमच्या गुंद गावी, शाळेच्या खोलीत, बाबांकडे येत. बाबा, म्हणजे गोपाळ मास्तर, तीन प्रश्न विचारत, पाणी देत, प्रार्थना करून पाठवून देत. मग लिहायला बसत. पुढे या साक्षींचं पुस्तक निघालं, ‘शांतपणे गेलेले’. खानापूरपासून धारवाडपर्यंत ख्रिस्ती घरांत ते पवित्र शास्त्राच्या शेजारी असतं. दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशीही ठेवतात. सकाळी डोळे उघडून ते नाव वाचणाऱ्याला काय वाटत असेल, हे कुणी विचारलेलं मला माहीत नाही.

बाराव्या वर्षापासून मी त्यांचा मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून देत असे. त्यामुळे खरं काय घडलं आणि कागदावर काय आलं, हे दोन्ही मला कळे. शेजारच्या गिरजाचा नवरा परशू कुळगीच्या रानात सागाच्या ओंडक्याखाली सापडला. घरी आणला तेव्हा त्याने बिडी मागितली, मुकादमाच्या आईचा उद्धार केला आणि गेला. मी दारात उभी होते. पुस्तकात परशू म्हणतो, “गिरजे, रडू नकोस. पलीकडे उजेड दिसतो आहे.”

मी बाबांना विचारलं होतं. ते टाक पुसत म्हणाले, “त्याला जे म्हणायचं होतं ते लिहिलं. त्याला वेळ पुरला नाही, इतकंच.”

बाबा एकसष्ट सालच्या सप्टेंबरात गेले. मी बेळगावच्या शाळेतून रजा काढून तीन आठवडे त्यांच्याजवळ होते. त्या दिवशी पहाटेच गिरजा नाल्यावर धुण्याला गेली होती. बाबांना धाप लागली होती, पण शुद्ध पक्की होती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “सुशे, मला जायचं नाही. काहीतरी कर.”

मी काही करू शकले नाही. पुढे ते बोलले नाहीत. तासाभराने हात सुटला.

नवव्या दिवशी पाळक भिकाजी आले. मासिकाचे संपादक तेच. रामनगरहून लाकडाच्या लॉरीत बसून आले होते, आणि कोटावरचा भुसा झटकण्याआधी त्यांनी “सलाम, ताई” म्हणून प्रार्थना केली. प्रार्थनेत बाबांच्या दोन ओळी होत्या. त्या आठवड्यात जो कोणी भेटायला आला त्याने मला बाबांच्याच ओळींनी धीर दिला होता. एकीने तर मला उठवून बसवून चव्वेचाळिसावं पान ऐकवलं. ते मी उतरवलेलं होतं.

“पाचवी आवृत्ती काढतोय,” पाळकसाहेब म्हणाले. “शेवटी मास्तरांची स्वतःची साक्ष. लोकांची पत्रं येतायत, मास्तर कसे गेले म्हणून.”

मी सांगितलं. जसं घडलं तसं, बाबांची दोन्ही वाक्यं, मनगटासकट.

त्यांनी वही उघडली होती. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

“ताप असेल.”

“नव्हता.”

“औषधाची गुंगी?”

“सुप्याच्या डॉक्टरांनी खोकल्याचं दिलं होतं. त्याने कुणाला गुंगी येत नाही.”

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मुलाची साक्षही बाबांनीच लिहिली होती, एकोणतिसावी. “ताई, हे पुस्तक हातात धरून माणसं जातात. मी स्वतः वाचून दाखवलंय. शेवटच्या पानावर मास्तरच म्हणाले की मला जायचं नाही, तर त्या माणसाने काय करायचं?”

“त्याला निदान कळेल की भीती वाटणारा तो एकटा नाही.”

“कळून काय करील?”

मला इतकं कळत होतं की बाबांनी मला जे दिलं ते हे एक वाक्य होतं, आणि ते खोडून त्या जागी उजेड छापला तर माझे वडील त्रेचाळीस जणांच्या रांगेत जाऊन उभे राहतील आणि मला ओळखणार नाहीत. मी म्हणाले, “छापायचं तर हेच छापा. नाही तर साक्षच नको.”

तेवढ्यात गिरजा चहा घेऊन आली. परशू गेल्यापासून आमच्या चुलीवर तिचाच हक्क होता. तिने कप ठेवले आणि पदर सारखा केला.

“मी व्हते की तितं,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

“सुशीला दमलीवती, साहेब. तिचा डोळा लागलावता. मी उशाला बसलेवते. मास्तर म्हणाले, गिरजे, दार उघडं ठेव, मी निघालो.”

पाळकसाहेबांनी चहाला हात न लावता ते लिहून घेतलं. मग वर पाहून विचारलं, “चेहरा कसा होता?”

“कसा असायचा? मास्तरासारखाच व्हता.”

ते परसात हात धुवायला गेले तेव्हा मी तिला गाठलं. “तू नाल्यावर होतीस.”

“व्हय.”

“मग खोटं का सांगितलंस?”

“तुजा बा तरी कुटं व्हता माज्या परशूच्या वक्ताला? शाळंत पोरास्नी पाढे सांगत व्हता.”

मला वाटत होतं की इतकी वर्षं गिरजा त्या छापील उजेडावर विसंबून आहे. मी घरी असले की दर रविवारी ती ते पान उघडायला लावायची, आणि मला तिची दया यायची. पुष्कळ वाचलेल्या माणसाला कमी वाचलेल्याची येते तशी.

“तुला ठाऊक होतं?”

“आगं, बिडी मीच लावून दिलीवती त्याला. दोन झुरके वढले त्यानं.” ती कप विसळू लागली. “ती माजी हाय. पुस्तकातलं लोकांचं. मास्तर काय म्हणाले ते तुजं हाय. ते त्या वहीत घालून कशाला सोडतीस लोकांत?”

पाळकसाहेबांनी जाण्यापूर्वी साक्ष वाचून दाखवली. लिहिण्याचा सराव त्यांनाही होता. त्यात “मास्तर म्हणाले, दार उघडं ठेव, मी आनंदाने निघालो” असं आलं होतं. गिरजाने मान डोलावली. मी टाक मागून घेतला आणि ‘आनंदाने’ खोडलं.

“एक शब्द, ताई,” ते म्हणाले.

“तेवढा नको. बाकी सगळं राहू द्या.”

त्यांनी विचार केला, होकार दिला, आणि मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. माझं अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं होतं.

पुस्तक नाताळच्या आठवड्यात आलं. मी रजेवर गुंदला होते. शेवटचं पान उघडलं. ‘आनंदाने’ होतं, आणि त्याच्यामागे ‘गात’ असंही होतं. बाबांना उभ्या आयुष्यात एक गीत सुरात म्हणता आलं नव्हतं.

पाळकसाहेबांना पत्र लिहायला मी कागद घेतला. सलाम लिहिला, तारीख घातली. मग पुस्तकाच्या पुड्यातच त्यांनी पाठवलेलं एक कार्ड वाचलं. हल्याळच्या एका बाईंनी कळवलं होतं की छापखान्यातून आगाऊ मिळालेलं मास्तरांचं पान त्यांनी आईला वाचून दाखवलं आणि आई त्या दिवशी दोन घास जेवली. मी कागद बाजूला ठेवला.

संध्याकाळी गिरजा आली. “वाच बघू मास्तराचं.”

मी वाचलं. ते दोन शब्द मी गाळले. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती.

“व्हय,” ती म्हणाली, “असंच म्हणाले व्हते.”