भिंत चाटणारी म्हैस आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी चाटणवीट आहे. वीट म्हटलं की तुम्हाला घरं आठवतील. माझ्यावर कधी कुणी घर बांधलं नाही. मीठ, हाडांना लागणारा चुना, जस्त, तांबं असं सगळं दाबून कारखान्यात मला घडवलं, मधोमध भोक पाडलं आणि म्हशींना चाटायला पाठवून दिलं. आमच्यात आयुष्य सार्थकी लागणं म्हणजे चाटून चाटून नाहीसं होणं. जुनं होणं ही आमच्यात लाजिरवाणी गोष्ट.

मला गोठ्यात आणलं ते शिंगमोडीसाठी, एक शिंग मोडलेल्या म्हशीसाठी. तिची आई गेली तेव्हा मालकीणबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती एकदा व्याली, भरपूर दूध दिलं, मग आटली. त्यानंतर ती माजावरच येईना, म्हणजे पुन्हा गाभण राहायची तिची वेळच येईना. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अंगात क्षार कमी पडलेत. भिंत चाटते ती काय हौस म्हणून? ही वीट तिच्यापुढे टांगा."

मालकांनी मला टांगलं गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीपुढे, थोरलीपुढे. कारण थोरली दूध देत होती.

"वीट कुणासाठी आणली?" मालकीणबाईंनी विचारलं.

"दूध देते तिला आधी. बसून खाणारीला कसले लाड?"

"मग उद्यापासून तुमचा चहा बंद."

मालक हसले. चहा चालू राहिला आणि मीही होते तिथेच राहिले. थोरली पेंड खाऊन तृप्त असायची. नको त्या पाहुण्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची. पलीकडून शिंगमोडी मान ताणायची. दावं आखूड होतं. मग ती वळून भिंत चाटायला लागायची.

उन्हाळा आला. पत्रा तापला, म्हशी धापा टाकू लागल्या. डॉक्टर पुन्हा आले. "उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. रेकत नाही, धडपडत नाही, कळतच नाही. अंगावर पाणी मारा, सावली करा, वीट तिला द्या. थंडी पडली की येईल माजावर."

"थंडीपर्यंत हिला काय गोष्टी सांगत बसू?" मालक म्हणाले.

"सांगा की. पण पाणी मारा."

तेव्हा कुठे मला शिंगमोडीपुढे टांगलं. मित्रांनो, ती खरखरीत जीभ माझ्यावरून फिरली आणि मी जन्माला का आले ते मला कळलं. माझ्या अंगावर छान खळगा पडू लागला. तेवढ्यात थोरलीचं दूध कमी झालं. उन्हाळ्यात दूध कमी होतंच, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. आपल्या गोठ्यात मात्र त्याला नेहमी कुणीतरी जबाबदार असतं. मालकांनी मला सोडलं आणि परत थोरलीपुढे नेलं.

पुढे मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या. जाताना बजावून गेल्या, "थंडीपर्यंत हिला विकायचं नाही."

"नाही विकत, बाई. जा तू."

व्यापारी आला. शिंगमोडीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "आत्ता गप्प आहे ती थंडीतही गप्पच राहणार. माझं ऐका." मालकांनी ऐकलं. दारातून जाताना तिनं माझ्याकडे मान ताणली. तेव्हाही दोर आखूडच होता.

मालकीणबाई परतल्या त्या थेट गोठ्यात.

"कुठाय ती?"

"अगं, आधी पाणी तरी पी. नातू कसा आहे?"

"कुठाय?"

त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

थंडी पडली. शेजारच्या गोठ्यातल्या भाकड म्हशी एकामागून एक रेकू लागल्या, माजावर आल्या. मालक हातातला घास टाकून उठले आणि शिंगमोडीला परत आणायला व्यापाऱ्याकडे गेले. ते त्याच्याशी काय बोलले, हे त्यांनी घरी येऊन मालकीणबाईंना सांगितलं. व्यापारी म्हणाला होता, "शिंग मोडलेली? दादा, माझ्या हातून इतकी जातात. तोंडं कुठं लक्षात ठेवू?"

मालकांनी मला थोरलीपुढून सोडलं आणि शिंगमोडीच्या रिकाम्या खुंट्याला बांधलं.

"आता?" एवढंच मालकीणबाई म्हणाल्या, आणि पेंड कालवायला वळल्या.

मित्रांनो, म्हैस आटली म्हणून तिच्यापुढचा खुराक काढू नका. अंगातलं होतं ते तिनं दुधातूनच दिलेलं असतं. उन्हाळ्यात ती गप्प असली तर तिला वांझ म्हणू नका, थंडीची वाट बघा. आणि कुठे शिंग मोडलेली एखादी म्हैस दिसली, तर तिच्या तोंडाला लागेल इतक्या जवळ एक वीट ठेवा. ती आमचीच असेल असं नाही. तरीही ठेवा.